चियांग माईचे बिऱ्हाड आणि अक्काचा कागद

आपल्या वस्त्यांमधून पूर्वी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगरच्या सहली निघत. आता बँकॉकच्याही निघू लागल्या आहेत. सहलीहून परत आलेला माणूस चार दिवस तिकडच्या सोनेरी विहारांचे वर्णन करतो आणि पाचव्या दिवशी हमखास एक वाक्य बोलतो, "तिकडे निवृत्त माणसाला वर्षभर राहायचा व्हिसा मिळतो म्हणे!" ऐकणारा नुकताच निवृत्त झालेला असेल, फंड-ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत पडलेली असेल, मुले आपापल्या संसाराला लागलेली असतील, तर हे वाक्य त्याच्या मनात घर करून बसते.

ही माहिती खोटी नाही, पण अर्धवट आहे. मी कचेरीत हिशेबाचे टेबल सांभाळतो. वस्तीत पेन्शनचे, वारसाचे, रेशनचे फॉर्म भरून देण्याचे कामही बरीच वर्षे माझ्याकडेच आहे. त्यामुळे आमच्या दाजींनी जेव्हा थायलंडमधल्या चियांग माई शहरात कायमचे बिऱ्हाड करायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा कागद बघायचे काम ओघानेच माझ्याकडे आले. जानेवारी २०२५ मध्ये दाजी, माझी थोरली बहीण अक्का आणि मी असे तिघे प्रत्यक्ष जाऊन आलो. तिथे काय पाहिले आणि कागदांतून काय निघाले, ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो.

रेल्वेने चियांग माई

दाजी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बँकॉकला उतरल्यावर विमानाचे नाव काढू देईनात. "रेल्वेवाल्याने रेल्वेनेच जायचं," म्हणाले. बँकॉक ते चियांग माई सुमारे ७५० किलोमीटर. रात्रीची गाडी, बर्थवर स्वच्छ पांढरी चादर. थायलंडची रेल्वे मीटरगेजवर चालते. आपल्याकडे मीटरगेज बहुतेक संपला, म्हणून दाजी स्टेशनावर वाकून रुळांकडेच बघत राहिले. सकाळी गाडी डोंगरात शिरली, खुन तान नावाचा बोगदा लागला आणि पलीकडे थंड हवेचे खोरे उघडले.

चियांग माई म्हणजे 'नवे नगर'. नाव नवे, पण शहर इ. स. १२९६ मध्ये राजा मंगराय याने वसवलेले. जुने शहर चौकोनी असून चारी बाजूंनी पाण्याचा खंदक आहे, कोपऱ्यांवर विटांच्या तटबंदीचे अवशेष आहेत. शहराच्या पश्चिमेला दोई सुथेप डोंगर आहे. त्यावरच्या विहाराला नागांच्या कठड्यांमधून तीनशेच्या वर पायऱ्या चढून जावे लागते. अक्काने त्या न थांबता चढल्या. दाजी मात्र मध्ये दोनदा बसले.

आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखे ठिकाण म्हणजे वाट चेत योत, सात शिखरांचे विहार. पंधराव्या शतकात राजा तिलोकराज याने ते बुद्धगयेच्या महाबोधी विहाराच्या धर्तीवर उभारले. इ. स. १४७७ मध्ये तिथे भिक्खूंची संगीती भरली होती आणि थाई परंपरा तिला आठवी धम्मसंगीती मानते. त्या भिंतींवरच्या हात जोडलेल्या मूर्ती झिजल्या आहेत, पण ओळखू येतात. तिथल्या झाडाखाली आम्ही बराच वेळ बसलो. कोणी हटकले नाही आणि कोणी पैसे मागितले नाहीत.

सकाळी सहाला रस्त्यावर भिक्खू रांगेने येतात. बाया गुडघ्यावर बसून त्यांच्या पात्रात भात घालतात. भाषा कळत नाही, पण कानावर ओळखीचे शब्द पडतात. विहाराला 'विहान', भाषेला 'फासा', वयाला 'आयु'. तिकडच्या कागदांवर सालही बुद्ध संवताचे असते, म्हणजे आपल्या २०२५ ला त्यांचे २५६८. बँकेच्या पावतीवर ते साल पाहून दाजी हरखून गेले.

दाजींचे मन तिथे का रमले

पिंग नदीजवळ वरोरोत नावाचा मोठा बाजार आहे. तिथे सुक्या मासळीचे ढीग पाहून अक्काचे पाय थबकले. वास थेट आपल्या सुकट-बोंबलाच्या बाजाराचा. बांबूच्या टोपलीत चिकट भात, मिरचीचा ठेचा, नारळाच्या दुधात शिजवलेल्या खाओ सोई शेवया असे सगळे आपल्या तोंडाला बसणारे. शहरात फिरायला लाल रंगाच्या, मागे दोन बाकडी असलेल्या गाड्या. हात केला की थांबतात. एकेका खोलीची घरे आम्ही पाहिली, त्यांची भाडी महिना सात हजारांपासून बारा हजार बाहतपर्यंत होती. २०२५ मध्ये बाहतचा भाव सुमारे अडीच ते पावणेतीन रुपये होता, त्याने हिशेब करा. कल्याण-डोंबिवलीत चांगली खोली भाड्याने घ्यायची तर फार वेगळे पैसे पडत नाहीत.

पण दाजींना स्वस्ताईचे अप्रूप नव्हते. एका घरमालकिणीने त्यांना हाताच्या खुणांनी वय विचारले, देश विचारला आणि किल्ली दाखवली. बाहेर आल्यावर दाजी मला म्हणाले, "बघितलंस? आडनाव विचारलं नाही." त्यांनी ऐन तरुणपणी चार ठिकाणी खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर 'खोली कालच गेली' हे उत्तर ऐकले होते. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना आडनावाशिवाय किल्ली मिळत होती. या सुखाची किंमत बाहेरच्या माणसाने ठरवू नये.

तरीही दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक, धूर. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आसपासच्या डोंगरांत आणि शेतांत आगी लागतात व लावल्या जातात. धूर खोऱ्यात कोंडतो आणि त्या दिवसांत चियांग माईची हवा जगातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये मोजली जाते. आम्ही निघालो तेव्हाच दोई सुथेप फिका दिसू लागला होता. दम्याच्या माणसाने याचा विचार आधी करावा. दुसरे, पूर. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंग नदीने विक्रमी पातळी गाठून बाजाराचा भाग पाण्याखाली नेला होता. काही भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसत होती.

कागद काय सांगतात

आता व्हिसाकडे येऊ. थायलंडने भारतीय पर्यटकांना नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाविना प्रवेश दिला आणि जुलै २०२४ मध्ये त्याची मुदत ६० दिवस केली. आम्ही गेलो ते याच सवलतीत. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवसाचा नियम पाहावा. मे २०२५ पासून प्रवेशापूर्वी संगणकावर आगमनपत्र भरावे लागते, तेही ध्यानात ठेवावे.

निवृत्तीचा व्हिसा याहून वेगळा. त्याला वयाची ५० वर्षे पूर्ण हवीत. पैशांची अट अशी की, बँकेत ८ लाख बाहत, किंवा दरमहा ६५ हजार बाहत उत्पन्न, किंवा वर्षाचे उत्पन्न आणि ठेव मिळून ८ लाख बाहत. २०२५ च्या भावाने आठ लाख बाहत म्हणजे आपले २० ते २२ लाख रुपये. सोबत पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. लांब मुदतीच्या निवृत्ती व्हिसाला २०१९ पासून आरोग्य विमाही सक्तीचा केला आहे. त्याची रक्कम तेव्हापासून बदलत आली आहे आणि साठीपुढे हप्ता जड जातो.

ज्यांना कारखान्याची पेन्शन आहे त्यांनी ६५ हजार बाहतच्या वाटेला जाऊच नये. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरली. तिच्यावर अवलंबून असलेले किती गिरणी आणि कारखाना कामगार आपल्यात आहेत, ते मी सांगायला नको. दाजींना रेल्वेची पेन्शन आहे, तरी तीही ६५ हजार बाहतच्या जवळ जात नाही. म्हणजे उरली ती ठेव.

पहिला अर्ज भारतातून करताना आपल्या बँकेतील शिल्लक दाखवता येते. पुढे थायलंडमध्ये राहून दरवर्षी मुदत वाढवायची, तर पैसा तिथल्या बँकेत असावा लागतो. अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण ८ लाख, आणि उरलेल्या काळात ४ लाखांच्या खाली नाही. थोडक्यात, तो पैसा तुमचा असून तुमच्या हाताशी नाही. आजारपणात त्याला हात लावला तर व्हिसा अडचणीत येतो.

पैसा इथून तिकडे नेतानाही हिशेब आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाने अशा कामासाठी एका आर्थिक वर्षात १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. २२ लाख एकदम पाठवले तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार रुपये. विवरणपत्र भरून ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात.

शिवाय रोजच्या कटकटी आहेत. दर ९० दिवसांनी पत्त्याची वर्दी द्यावी लागते, चुकल्यास दंड. मुदत वाढवायला वर्षाला १,९०० बाहत. मध्येच भारतात यायचे तर निघण्यापूर्वी परत प्रवेशाची परवानगी काढावी लागते. एका खेपेस १,००० बाहत, वर्षभर कितीही खेपांस ३,८००. ती न काढता विमानात बसलात तर वर्षाची मुदत तिथेच संपते. मुलीच्या बाळंतपणाला रातोरात निघणाऱ्या आईला हे कोण सांगणार? निवृत्ती व्हिसावर कामधंदा करता येत नाही. परक्याला जमीन घेता येत नाही. मोठ्या इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच परक्यांना.

'अवलंबित' म्हणजे कोण?

इथपर्यंत सगळे दाजींचे झाले. अक्काचे काय?

कल्याणात व्हिसाचे काम करून देणाऱ्या एका गृहस्थांनी दाजींना सांगितले होते, "बाईंचं वेगळं काही लागत नाही. नवऱ्यामागे होऊन जातं." हे खरे आहे. पतीकडे निवृत्तीची मुदत असेल तर पत्नीला अवलंबित म्हणून राहता येते आणि तिच्यासाठी वेगळे ८ लाख दाखवावे लागत नाहीत. विवाहाचा दाखला जोडला की झाले. एकाच्या पैशात दोघांचे राहणे! हिशेबाला हे फार सोयीचे दिसते.

मी तो हिशेब पुढे नेला. पती आहे तोवर पत्नी आहे. पती वारला की तिच्या राहण्याचे कारण संपले. तिला त्या देशातून निघावे लागेल, नाहीतर स्वतःच्या नावावर सर्व अटी नव्याने पूर्ण कराव्या लागतील. पण पैसा कुठे आहे? निवृत्तीच्या मुदतवाढीसाठी ठेव अर्जदाराच्या एकट्याच्या नावे लागते, नवरा-बायकोचे जोडखाते चालत नाही. खातेदार गेला की खाते थांबते आणि न्यायालयाने व्यवस्थापक नेमेपर्यंत रक्कम हलत नाही. परक्या भाषेत, परक्या न्यायालयात, नवऱ्याच्या मरणानंतरच्या आठवड्यात हे सर्व एकट्या बाईने करायचे.

इकडची बाजू पाहा. रेल्वेच्या जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के पेन्शन असते, कुटुंब पेन्शन साधारणपणे ३० टक्के. म्हणजे मूळ पगार ७० हजार असेल तर ३५ हजारांचे २१ हजार होतात, महागाई भत्ता वेगळा. आणि दाजींचा बेत होता कल्याणची खोली विकून पैसा उभा करण्याचा. म्हणजे तिकडचे राहणे गेले, तिकडची ठेव अडकली, इकडची खोली विकलेली आणि पेन्शन कमी झालेली. चारही दोर एकाच दिवशी तुटणार.

त्या खोलीचे अर्धे पैसे अक्काचे आहेत. सव्वीस वर्षे तिने पोळी-भाजीचे डबे दिले, बचत गटातून कर्ज काढले आणि फेडले. कागदावर मात्र खोली दाजींच्या एकट्याच्या नावावर, कारण घेताना 'घरचा पुरुष सही करतो' असेच सर्वांनी गृहीत धरले.

चियांग माईच्या त्या खोलीत रात्री मी हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. दाजी गप्प झाले. अक्का भांडी पुसत होती. ती म्हणाली, "इथं कुणी जात विचारत नाही, ते मला पटलं. पण माझं नावपण कुणी विचारलं नाही. त्या फॉर्मवर मी 'ह्यांची बायको' एवढीच आहे. सव्वीस वर्षं डबे करून मी कुणावर अवलंबित होते, ते मला सांगा."

यावर उत्तर नव्हते. अक्काचे वय ५५, म्हणजे ती स्वतः निवृत्ती व्हिसाला पात्र आहे. तिच्या नावावर वेगळे ८ लाख बाहत ठेवले तर तिचे राहणे कोणावरही अवलंबून राहत नाही. पण दोघांचे मिळून १६ लाख बाहत, म्हणजे २०२५ च्या भावाने ४० ते ४४ लाख रुपये होत होते. खोली विकल्याशिवाय तेवढे निघत नाहीत. आणि खोली विकायची नाही, यावर त्या रात्री अक्का ठाम राहिली.

दुसऱ्या वाटा

अन्य देशांचेही मी पाहिले. श्रीलंकेने ५५ वर्षांवरील परदेशी ज्येष्ठांसाठी योजना काढली, तिच्या जाहीर झालेल्या अटींत ठेवीशिवाय दरमहा अर्जदारासाठी १,५०० डॉलर आणि जोडीदारासाठी आणखी ७५० डॉलर आणायचे होते. मलेशियाने २०२४ मध्ये आपल्या योजनेची सर्वसाधारण पायरीच दीड लाख डॉलर ठेवीवर नेली आणि वर घर घेण्याची अट घातली. हे आपल्या हिशेबातले नाही.

उरतो नेपाळ. १९५० च्या करारामुळे भारतीय नागरिकाला नेपाळात जायला आणि राहायला व्हिसाच लागत नाही. व्हिसाच नाही, त्यामुळे अवलंबितही कोणी नाही. पत्नी तिथे स्वतःच्या ओळखपत्रावर उभी असते. सुनौलीची सीमा ओलांडली की लुंबिनी जवळच. हिवाळ्यात दाट धुके आणि उन्हाळ्यात कडक ऊन आहे, जमीन तिथेही घेता येत नाही, पण काही महिने भाड्याने राहून पाहायला कोणाच्या दारात ठेव ठेवावी लागत नाही. परत यायचे तर बस आणि रेल्वे पुरते.

शेवटी काय ठरले

अक्का-दाजींनी कायमचे बिऱ्हाड न करता थंडीचे दोन महिने पाहुणे म्हणून जायचे ठरवले. एक वर्ष चियांग माई, एक वर्ष लुंबिनी. दाजींना हे सोपे गेले नाही. परतीच्या गाडीत ते बराच वेळ खिडकीला डोके टेकून बसले होते. त्यांचे स्वप्न खोटे नव्हते आणि मी ते मोडले असेही मी मानत नाही. फक्त त्या स्वप्नाचा पाया एकाच माणसाच्या श्वासावर उभा होता.

आल्यावर मात्र त्यांनी जे केले ते मला प्रवासाहून मोलाचे वाटते. लग्न छत्तीस वर्षांपूर्वी गावच्या विहारात लागलेले, संस्थेचा दाखला होता, पण सरकारी नोंद नव्हती. ती करून घेतली. अक्काच्या आधारवर एक जन्मसाल आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे होते, ते एक करून घेतले. सोसायटीत अर्ज देऊन खोलीवर अक्काचे नाव चढवण्याचे काम सुरू केले. बँकेतील ठेवींपैकी काही तिच्या नावावर केल्या. दाजींनी मृत्युपत्रही केले.

ज्यांना परदेशी राहायचे आहे त्यांनी जरूर जावे. आपल्या माणसांनी जग पाहावे, असे मलाही वाटते. पण निघण्यापूर्वी या गोष्टी तपासा :

१) विवाहाची सरकारी नोंद आहे का? पासपोर्ट, आधार आणि दाखला यांवर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख एकच आहे का? परदेशी अर्जासाठी दाखल्यावर राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालयाचे शिक्के लागू शकतात.

२) पत्नी अवलंबित म्हणून जाणार की स्वतःच्या हक्काने? अवलंबित असेल तर पतीमागे तिने कुठे, किती दिवसांत आणि कोणत्या पैशाने परतायचे, हे आधीच लिहून ठेवा.

३) ठेवीशिवाय, हात लावता येईल असा दोघांचा परतीचा पैसा पत्नीच्या स्वतःच्या खात्यात आहे का?

४) इकडचे घर विकू नका. भाड्याने द्या, भावाच्या ताब्यात द्या, पण विकू नका.

५) आधी एक पूर्ण ऋतू राहून पाहा, आणि तोही तिथला वाईट ऋतू.

६) मधला माणूस "बाईंचं काही लागत नाही" म्हणाला, तर समजा की बाईंचा विचार कोणी केलेला नाही.

या सहा गोष्टींपैकी चार गोष्टींना पासपोर्टसुद्धा लागत नाही. ज्यांना कधीच परदेशी जायचे नाही, त्यांनीही येत्या रविवारी कपाटातली फाइल काढावी, घरातल्या बाईला शेजारी बसवावे आणि कोणत्या कागदावर तिचे नाव आहे, कोणत्यावर नाही, ते तिच्यादेखत पाहावे. फॉर्म भरायला कोणी नसेल तर वस्तीत माझ्यासारखा एखादा कारकून सापडतोच. त्याला हाक मारा.

सर्वांना जयभीम!